कानस लागलेला चमचा

लतानं चमच्याला कानस लावली तेव्हा तिच्या मनात काही पाप नव्हतं. हुपरीत जन्मलेल्या माणसाच्या एका हातात चांदी आली की दुसरा हात आपोआप कानस शोधतो. कोल्हापूरजवळचं ते गावच चांदीवर जगणारं. घरटी एक ऐरण, माजघरात बायका पैंजणाच्या कड्या जुळवतात आणि अंगणात पोरं मुशीचे फुटके तुकडे खेळायला घेतात. वस्तू कशी दिसते याला तिथं कोण विचारतो? टंच किती, म्हणजे चांदी किती शुद्ध, ते सांगा. लताचे दादा, म्हणजे वडील बापूसो चौगुले, गिऱ्हाइकानं मोडीत आणलेला दागिना हातात घेऊन म्हणायचे, "वरची कांती काय, कुणाचीबी चकाकती. आत शिरून बघाय पायजे." मग कानशीचा एक घाव, कसोटीच्या दगडावर एक रेघ, रेघेवर तेजाबाचा थेंब. दोन मिनिटांत दूध का दूध.

म्हणून न्यू जर्सीत, वेस्ट विंडसरच्या आपल्या स्वयंपाकघरात, ओट्यावर पेपर पसरून लतानं तेच केलं. शेतात सापडलेला चमचा, पावणेदोनशे वर्षं मातीत राहून काळानिळा पडलेला. त्याच्या दांड्याच्या मागच्या अंगाला तिनं कानस मारली. वर मुलामा असला तर आतलं तांबं दिसेल, एवढाच हिशेब. तांबं दिसलं नाही, पांढरीशुभ्र चांदी दिसली. दगडावर रेघ ओढली, थेंब सोडला आणि ती स्वतःशीच म्हणाली, "नव्वद टंच. वारे पठ्ठ्या."

मग चमचा धुताना तिला मागची अक्षरं दिसली. मळाखाली कारागिराच्या नावाचा ठसा होता आणि कानशीचा घाव बरोबर त्याच्या मधोमध बसला होता.

लताला हा नाद लागून सहा वर्षं झाली होती. मराठी मंडळाच्या सहलीत तिच्या मुलीचं, रुहीचं, हुपरीचं पैंजण पार्कातल्या गवतात पडलं. रुही म्हणाली, "मॉम, लेट इट गो." सोडून देणं लताच्या रक्तात नव्हतं. तिनं दुकानातून मेटल डिटेक्टर भाड्यानं आणला, दोन दिवस पार्क विंचरलं आणि पैंजण काढलं. शेजारीच चांदीचं जुनं दहा सेंटाचं नाणंही निघालं. डिटेक्टर परत करायला गेली ती नवा विकतच घेऊन आली.

तिचा नवरा शैलेंद्र केळकर पुण्याचा. प्रिन्स्टन जंक्शनहून रोज गाडी पकडून न्यूयॉर्कला सॉफ्टवेअर तपासायला जाणारा सरळ माणूस. तो म्हणाला, "लता, लोक या वयात योगा करतात."

"मी बी वाकतीच की दिवसभर," लता म्हणाली. "वर कायतरी हाताला लागतंय."

सकाळी ती शाळेच्या कॅफेटेरियात मुलांना जेवण वाढायची. दोनला सुटली की शेत. शेत होतं एडना होल्कोम यांचं. गावाला चारी बाजूंनी घरांच्या कॉलन्यांनी वेढलं तरी एडनांनी आपली नव्वद एकर विकली नव्हती, एका शेतकऱ्याला खंडानं मका करायला दिली होती. वय चौऱ्याऐंशी. लग्न केलं नाही, जन्मल्या त्याच घरात म्हाताऱ्या झाल्या. हुपरीत असत्या तर अख्ख्या गावानं त्यांना आत्या म्हटलं असतं. लता मनातल्या मनात त्यांना एडनाआत्याच म्हणायची. तोंडानं मात्र 'मिस होल्कोम'. त्याही तिला 'मिसेस केळकर' म्हणत. शेतात शिरायची परवानगी देताना त्यांनी एकच अट घातली होती: जे निघेल ते आधी मला दाखवायचं, जसं निघालं तसं.

जसं निघालं तसं. ठशावरचा घाव बघताना लताला ती अट आठवली. पण लपवाछपवी तिला जमत नव्हती. दुसऱ्या दिवशी रुमालात गुंडाळून तिनं चमचा एडनाआत्यांच्या टेबलावर ठेवला.

आत्यांनी भिंग लावून आधी पुढची बाजू पाहिली. दांड्याच्या टोकाला तीन वळणदार अक्षरं कोरली होती, एम, ई, व्ही. मग चमचा उलटा केला. घावावर भिंग धरलं.

"हे नांगरानं झालेलं नाही."

"नाही. मी केलं. चांदी खरी आहे का ते बघायला. आमच्या गावात असंच बघतात."

"आणि खरी निघाली?"

"हो."

"मग तुझं काम झालं." आत्यांनी भिंग खाली ठेवलं. "हा आमचा नाही, मिसेस केळकर. सतराशे नव्वदपासून या घरात होल्कोमच राहिले. आमच्या वस्तूवर एच असता. म्हणजे ही दुसऱ्या कुणाची तरी वस्तू माझ्या जमिनीत आली, आणि ती कुणाची हे विचारायच्या आधी तू तिला कापलीस."

आत्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर लताला बरं वाटलं असतं. कॅफेटेरियात दिवसभर पोरांचा आरडाओरडा ऐकून त्याचं तिला काही वाटेनासं झालं होतं. हे मऊ बोलणं मात्र काट्यासारखं रुतलं.

"कुणाचा आहे ते मी शोधते," ती म्हणाली.

"कधीपर्यंत? सहा मेला मका पेरणार आहेत. एकदा पेरलं की नोव्हेंबरपर्यंत शेतात पाऊल नाही. आणि नोव्हेंबरचं वचन मी या वयात कुणाला देत नाही."

"पेरणीच्या आधी नाव आणते."

घरी येऊन लतानं कानस फडक्यात गुंडाळली आणि कपाटाच्या वरच्या फळीवर, गणपतीच्या मखराच्या खोक्यामागे टाकली. शैलेंद्रनं विचारलं, "हे काय?"

"ज्या बाईच्या चमच्याला घाव घातला तिचं नाव कळंपतोर ही खाली काढायची न्हाई."

"बाईचाच कशावरून?"

लता थबकली. "काय की. तोंडातनं आलं."

तेव्हा एप्रिलची दोन तारीख होती.

तिच्यासारखाच नाद असलेला आणखी एक जण ओळखीचा होता, यतीन. नागपूरचा, तिशीचा, कुठल्याशा कंपनीचे सर्व्हर सांभाळणारा. शनिवारी तो आला, ठशाचे फोटो मोबाइलवर मोठे करून पाहिले आणि मान हलवली. "काकू, सुरुवातीचा जे दिसून राहिला, शेवटचा जी. मधलं सगळं तुम्ही खाऊन टाकलं ना. असे कारागीर शंभर निघतील."

"बरं. पुढं?"

"पुढं काय? रस्त्यानं चाललेल्या कोण्या वाटसरूच्या गाठोड्यातून पडला असंल. सोडून द्या."

"यतीन, हा चमचा रस्त्यापास्नं किती लांब घावला ठाऊक हाय? पाक खालच्या तुकड्यात. घराच्या मागं. वाटसरू काय मक्यातनं चमचा हलवत निघालाता व्हय?"

यतीन हसला. "मग कसा आला?"

उत्तर लताला माहीत होतं. तिच्या आजोळच्या घरामागं उकिरडा होता. खरकटं, चुलीतली राख, शेण, सगळं त्यात. उन्हाळ्यात गाडी भरून तो शेतात पांगायचा. दरवर्षी त्यात कुणाची तरी वाटी नाहीतर उलथनं निघायचं आणि आजी सुनांच्या नावानं बोटं मोडायची. पावणेदोनशे वर्षांपूर्वी इथं काय वेगळं असणार? खरकट्यासोबत चमचा राखेत, राखेतून उकिरड्यात, उकिरड्यातून शेतात. चमचा चालत जात नाही. म्हणजे तो याच घरातल्या ताटातून गेला होता, मग त्यावर एच असो नाहीतर नसो.

आणि एक गेला असेल तर आणखीही गेले असतील. दुसऱ्या चमच्यावर ठसा अख्खा मिळेल. या एका विचारावर लतानं खालच्या तुकड्याला दोऱ्या बांधल्या. नांगरटीच्या आडव्या, दोन दोन हातांच्या पट्ट्या. रोज तीन पट्ट्या, जाताना एकदा आणि उलट्या दिशेनं येताना एकदा, कारण आडव्या पडलेल्या चमच्यावर डिटेक्टर एका बाजूनं बोलत नाही आणि दुसऱ्या बाजूनं बोलतो. चांदीचा सूर तिला पाठ होता. उंच, स्वच्छ, देवळातली लहान घंटा वाजावी तसा. पेयाच्या डब्याची झाकणं तिला फसवायची. तीही उंच बोलायची, पण त्यांचा सूर चिरका. तरी प्रत्येक ठिकाणी ती खुरपं घालायची. कान कधी कधी लबाडी करतात, खुरपं करत नाही.

पहिल्या दहा दिवसांत निघाली एकवीस झाकणं, बंदुकीच्या काडतुसांची पितळी बुडं, नांगराच्या फाळाचं टोक, घोड्याचे नाल दोन आणि कुणा पोराची खेळण्यातली मोटार. प्रत्येक खड्डा तिनं बुजवून पायानं दाबला. सगळा ऐवज रोज संध्याकाळी एडनाआत्यांच्या मागच्या पायरीवर वर्तमानपत्रावर मांडून ठेवला, धुतल्याशिवाय, जसा निघाला तसा. आत्या दार उघडत नव्हत्या. पडदा मात्र हलायचा.

अकराव्या दिवशी पाऊस लागला. शैलेंद्र स्टेशनवरून परत आला तेव्हा लता गॅरेजमध्ये बसून बुटांचा चिखल खरवडत होती. दोन्ही गुडघ्यांना गरम पाण्याच्या पिशव्या बांधलेल्या.

"मी आत्ता गंभीरपणे विचारतोय," तो म्हणाला. "नाही मिळाला तर काय होईल?"

"काय हुतंय? कोण फाशी देतंय?"

"तेच म्हणतोय मी."

"अहो, त्या म्हातारीनं मला चोर म्हटलं असतं तर मी हसून सोडलं असतं. ती चोर म्हणाली नाही. ती म्हणाली, कुणाचं आहे हे विचारायच्या आधी कापलंस. खरं बोलली. आमच्या दुकानात जन्मभर तेच केलं आम्ही. बायका डोळं पुसत पुसत पाटल्या मोडीला टाकायच्या. दादा विचारायचे, टंच किती? कुणाच्या, ते कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर भट्टी पेटलीच नसती." तिनं बूट आपटला. "या एका चमच्याला तरी विचारती मी."

शैलेंद्रनं पिशव्यांतलं पाणी गार झालंय का ते हात लावून पाहिलं आणि बदलून आणलं.

सव्वीस एप्रिलला, शेवटून चौथ्या पट्टीत, यंत्र बोललं. लता थांबली, उलटी फिरली, पुन्हा बोललं. खुरप्यानं ढेकूळ बाजूला सारलं तर खाली मळकट राखाडी वाकडा दांडा. नांगरानं तो मधून दुमडला होता, देवाला हात जोडावेत तसा. लतानं तो सरळ करायचा मोह आवरला. मातीसकट तसाच रुमालात घेतला आणि तडक एडनाआत्यांचं दार वाजवलं.

या वेळी दार उघडलं.

आत्यांनी स्वतः त्यावर कोमट पाणी सोडलं. माती उतरली. पुढं तीच तीन अक्षरं. मागं ठसा अख्खा: जे. लॉरिंग. लतानं तिथंच यतीनला फोटो पाठवला. पाच मिनिटांत त्याचा फोन आला. "काकू, सापडला. ट्रेंटनचा आहे. अठराशे तीसपासून पंचेचाळीसपर्यंत दुकान होतं. इथून बारा मैलांवर."

"ऐकलंत?" लता आत्यांना म्हणाली. "इथलाच कारागीर. एका पट्टीत एक, चाळीस फुटांवर दुसरा. हा सेट आहे. तुमच्या घरातून गेलाय, राखेसोबत."

आत्यांनी मान हलवली. पहिल्या दिवसाचा कोरडेपणा आवाजात नव्हता, हट्ट मात्र होता. "कारागीर सापडला, मालक नाही. मला माझी माणसं पाठ आहेत. अठराशे चाळीसला इथं जेकब होल्कोम होता. त्याची बायको मेरी होल्कोम. चर्चच्या आवारात दगडावर कोरलंय. व्ही या घरात कधीच नव्हता."

लता परत आली ती चिडूनच. पेरणीला दहा दिवस, हातात कारागिराचं नाव, गाव, साल, सगळं. हवं होतं ते सोडून. शैलेंद्र घरी होता. तिनं भात लावला, आमटीला तेल तापवलं, मोहरी टाकली आणि हळदीसाठी मिसळणाचा डबा पुन्हा ओढला. ओढता ओढता झाकण निसटलं आणि घरंगळत ओट्यावर पडलं.

झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव होतं. रोज हाताखालून जाणारं, म्हणून कित्येक वर्षांत न वाचलेलं: 'कु. लता बापूसो चौगुले, हुपरी. सन १९९६.'

मोहरी तडतडून जळायला लागली तरी ती ते वाचत राहिली. केळकरांच्या पोराशी लग्न करायचं म्हटल्यावर दादा दोन महिने बोलले नव्हते. शेवटी रुखवताची भांडी घेऊन नाव घालणाऱ्याकडं स्वतः गेले. तो म्हणाला, सौ. लता केळकर घालू का? दादा म्हणाले, "आमचंच घाल. भांडं हारवलं तर कुणाच्या पोरीचं हाय ते कळाय पायजे."

"अहो," तिनं हाक मारली. "हा डबा कुणाचा?"

शैलेंद्र आत आला, गॅस बंद केला. "कुणाचा म्हणजे? आपला."

"नाव वाचा."

त्यानं वाचलं. "हां. अठ्ठावीस वर्षं चौगुल्यांची फोडणी खातोय मी, केळकर कुठंच नाही. नवीन काय त्यात?"

"उद्या कुणाला हा शेतात घावला आणि त्यानं विचारलं की या घरात कोण राहायचं? तर?"

शैलेंद्र पुण्याचा असला तरी मंद नव्हता. त्यानं जळक्या मोहरीकडं पाहिलं, झाकणाकडं पाहिलं. "चल, मी गाडी काढतो," तो म्हणाला. "जेवण नंतर."

एडनाआत्यांनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या गळ्याला नॅपकिन लावलेला होता. लतानं डबा टेबलावर ठेवला. जिऱ्याहळदीचा वास घरभर पसरला.

"यावर माझं नाव आहे," ती म्हणाली. "माझ्या वडिलांनी घातलेलं, लग्नात दिलेल्या भांड्यावर. नवऱ्याचं नाव यात नाही. भांडी माहेरून येतात, तर नाव माहेरचं. तुमच्या जेकबची बायको मेरी. लग्नाआधी ती कोण होती?"

आत्या तिच्याकडं बघत राहिल्या. "मेरी होल्कोम," त्या सवयीनं म्हणाल्या. मग थांबल्या. चौऱ्याऐंशी वर्षं एकाच आडनावानं एकाच घरात काढलेल्या त्या बाईला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. त्यांना स्वतःला कुठं दुसरीकडं चमचे न्यायचे होते?

"वरच्या खोलीत बायबल आहे," त्या शैलेंद्रला म्हणाल्या. "उंच कपाटात. तू उंच आहेस. सांभाळून, बांधणी सुटलीय."

शैलेंद्रनं तान्हं पोर आणावं तसं ते दोन्ही हातांवर आणलं. जुन्या आणि नव्या कराराच्या मध्ये घरच्या जन्ममृत्यूंची पानं होती. मृत्यूंची पानं आत्यांच्या बोटांना ठाऊक होती, ती त्यांनी भराभर उलटली. लग्नांच्या पानाशी बोट थांबलं. तपकिरी शाई, बारीक अक्षर. आत्यांनी भिंग लावलं आणि मोठ्यानं वाचलं, शाळेत वाचावं तसं एकेक शब्द तोडून.

"चौदा नोव्हेंबर अठराशे अडतीस. जेकब होल्कोम. आणि मेरी इलायझा व्हॅनडाइक."

आत्यांनी दोन्ही चमचे ओढून पानावर ठेवले, कानस लागलेला आणि नांगर लागलेला.

"माझ्या पणजोबांची आई," त्या म्हणाल्या. "दगडावर तिला फक्त जेकबची बायको म्हटलंय. मी दर मेमध्ये तिथं फुलं ठेवते."

"घाव भरून देता येईल," लता म्हणाली. "चांदी वितळवून, डाग देऊन. मला येतं ते. पण दिसेल. खोटं सांगत नाही, जवळून बघितलं तर दिसेल."

आत्यांनी अंगठा घावावरून फिरवला. "तेव्हा मला राग आला होता. अजून थोडा आहे." त्यांनी चमचा आपल्याकडं ओढला. "राहू दे तसाच. तुला हे नाव कशामुळं सापडलं ते कुणी विचारलं तर दाखवायला लागेल काहीतरी."

मग डब्याकडं बोट दाखवून विचारलं, "आणि हे कसं वाचायचं?"

लतानं वाचून दाखवलं. आत्यांनी दोनदा प्रयत्न केला. "मिस चोगली."

"चोगली तर चोगली," लता म्हणाली.

"असे सेट सहाचे असायचे, मिस चोगली. माझ्या आईचा तसाच होता. चार अजून जमिनीत आहेत." आत्यांनी फोन जवळ घेतला. "पेरणाऱ्याला सांगते, रस्त्याच्या बाजूनं सुरुवात कर. खालचा तुकडा शेवटी. तुला दोन दिवस जास्त मिळतील, तीन नाही."

रात्री घरी लतानं खुर्ची घेऊन कपाटातली कानस खाली काढली. फडकं झटकलं, तेलाचा हात फिरवला आणि ती ओट्याच्या खणात, सुरीशेजारी, तिच्या जागी ठेवली.

सात मेला दुपारी ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेनं मका पेरत येत होता. खालच्या तुकड्यात लताच्या नव्या दोऱ्या बांधलेल्या होत्या, आता उभ्या. बांधावर घडीच्या खुर्चीत एडनाआत्या डोक्याला रुमाल बांधून बसल्या होत्या, हातात भिंग. यंत्र बोललं. लता वाकली, खुरपं घातलं, माती फोडली.

"काय आहे?" आत्यांनी विचारलं.

"झाकण," लता म्हणाली. तिनं ते कमरेच्या पिशवीत टाकलं, खड्डा बुजवून पायानं दाबला, मागं वळून ट्रॅक्टर किती लांब आहे ते पाहिलं आणि पुढच्या पट्टीवर पाऊल टाकलं.